भिकेचा धागा

"डाक्तर होऊन काय करते तुमचं पोरगं?" असं कोणी विचारलं की माझे वडील म्हणत, "लोकाईचे कान धरते." आणि मग स्वतःच हसत. यात त्यांचा अभिमान होता, आणि बोलणंही खोटं नव्हतं. माझ्या नोकरीतला मोठा काळ लोकांचे कान आणि नाकं धरण्यातच गेला.

देऊळघाटला आमचं माळव्याचं शेत होतं. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. मी चढलो, नागपूरला डॉक्टरकी शिकलो, आणि महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं त्या दिवसांत जानेफळच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो. हे मी मान वर करून सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खेड्यातला जुना डॉक्टर म्हटला की लोकांना साप, विंचू, पटकीच्या साथी ऐकायच्या असतात. ते सगळं मी पाहिलं. पण मला जन्मभर चकित केलं ते एका साध्या गोष्टीनं. कानाला किंवा नाकाला पाडलेलं भोक बरं होतं कसं, या गोष्टीनं.

वाचणारे म्हणतील, त्यात काय एवढं? सोनार टोचतो, पोरगी रडते, हातावर गूळ ठेवतात, झालं. होतं खरं तसंच. पण मांसात काटा राहिला तर शरीर काय करतं आठवा. ते लाल होतं, पिकतं, पू करतं आणि काटा बाहेर ढकलून देतं. परकी वस्तू ठेवायची नाही हा त्याचा धर्म. मग सोन्याची तार तेवढी ते का ठेवून घेतं? धातू चोख असला आणि त्याला छेडलं नाही, तर शरीर आपला विचार बदलतं. भोकाच्या दोन्ही तोंडांकडून कातडी हळूहळू आत सरकायला लागते. तारेच्या कडेकडेनं, अंधारात, एकमेकींना न दिसता दोन्हीकडच्या कातड्या मधोमध येऊन भेटतात. विहिरीला बांधकाम करावं तसं आतून अस्तर लागतं. मग ती जखम राहत नाही. ते शरीराचं आणखी एक दार होतं. कानाच्या पाळीला हे काम करायला महिना-दीड महिना पुरतो, नाकाला जास्त लागतो, कानाच्या वरच्या कडेला त्याहून जास्त. कातडीला ही दिशा कोण सांगतं, हे मी पुस्तकांत शोधलं. पुस्तकांनी नाव दिलं. सांगणारा काही भेटला नाही.

माझ्याकडे यायचे ते हे काम बिघडलेले. बिघडायचं बहुधा मायेपोटी. भोक बुजू नये म्हणून आई रोज सकाळी पोरीच्या कानातली तार फिरवायची. तारेवर वाळलेली खपली कानशीसारखी आतून फिरायची आणि रात्रभरात आलेली नवी कातडी खरवडून काढायची. मग पू दिसला की त्यावर हळद, दिव्याची काजळी, जाळलेलं खोबरं, कधी शेणसुद्धा. आणि एवढं करून थांबलं नाही की तार काढून टाकायची. ही सगळ्यात मोठी चूक. तार काढली की भोकाची दोन्ही तोंडं एका दिवसात मिटतात आणि पू आत कोंडला जातो. तार ही त्याची बाहेर यायची वाट असते. कोमट मिठाच्या पाण्यानं शेका, खपली आपोआप सुटू द्या, तार फिरवू नका आणि तार काढू नका, हे मी इतक्या वेळा ओरडून सांगितलं की बायका मला 'तार-डाक्तर' म्हणायला लागल्या.

गिऱ्हाइकंही एकेक वल्ली. एक पाटील आले. कानातली जड बाळी म्हशीच्या दाव्यात अडकून पाळी खालपर्यंत चिरलेली.

"शिवून द्या," म्हणाले, "पन भोक ठिवून."

मी म्हणालो, "पाटील, भोक ठेवून शिवता येत नाही. आधी सलग शिवीन. पुरतं जुळलं की शेजारी नवं टोचू."

"आमचा शिंपी तर काज ठिवते सदऱ्याले. तुमाले कायले येत नाही?"

"त्याच्या सदऱ्याले मांस नसते पाटील."

त्यांनी विचार केला आणि मान्य केलं. पण गावात जाऊन सांगितलं की डाक्तर हुशार हाय, काज मात्र येत नाही त्याले.

सगळंच हसण्यावारी गेलं असं नाही. कानाच्या वरच्या कडेला बुगडीसाठी टोचतात तिथं मांस नसतं, कातडीच्या आत मऊ हाड असतं. त्याला स्वतःचं रक्त नाही. ते कातडीच्या जिवावर जगतं. पू त्या दोघांच्या मध्ये शिरला की मऊ हाड उपाशी मरतं आणि विरघळतं. वाडीवरची एक मुलगी आली तेव्हा हे होऊन गेलेलं होतं. मी तिचा ताप उतरवला, दुखणं थांबवलं, पण कान सुकलेल्या पानासारखा मुडपून गेला तो गेलाच. पुढं बाजारात दिसली की तिचा पदर त्या बाजूला ओढलेला असायचा. ती आणखी आठ दिवस आधी आली असती तर, असं अजून वाटतं.

आता कौसाबाईची गोष्ट सांगतो.

बाजाराचा दिवस होता, ओसरीवर रांग लागलेली. कौसाबाई रांगेत थांबली नाही. कडेवरचं दोनेक वर्षांचं पोरगं घेऊन सरळ आत आली आणि त्याला टेबलावर बसवलं. पोराच्या डाव्या नाकपुडीत पोरींसारखी कडी होती. म्हणजे होती असं समजायचं. नाकपुडी एवढी सुजलेली की कडीची जराशी कमान तेवढी वर दिसत होती, बाकीची मांसात बुडालेली. गाल लाल, तापलेला. डोळ्याखाली सूज चढायला लागलेली.

"तुझं पोरगं?" मी विचारलं.

"लोकाईचं हाय जी."

"आणि तू कोण?"

"मी फक्त सांभाळून राह्यली."

माझे कंपाउंडर गुलाबराव त्याच भागातले. ते माझ्या कानाशी आले. "तिचंच हाय साहेब. अगोदरची एकबी जगली नाही तिची. म्हनून असं बोलते."

आमच्या भागात हे तेव्हा होतं. ज्या आईची लेकरं जगत नाहीत ती नव्या लेकराला आपलं म्हणत नाही. त्याचं नाव भिका, दगडू, धोंडू असं काहीतरी टाकाऊ ठेवते. मुलगा असला तर मुलीसारखं नाक टोचते, म्हणजे नेणारा आला तरी ओळखणार नाही. आणि नाकातली कडी विकत घ्यायची नाही. घरोघरी पदर पसरून धातूची भीक मागायची, त्याची कडी करायची. या पोराचं नाव भिका होतं.

मला डोळ्याखालच्या सुजेनं घाबरवलं. वरच्या ओठापासून नाकाच्या मुळापर्यंतचा जो त्रिकोण असतो, तिथल्या शिरा उलट्या डोक्यात जातात. तिथला पू मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि डोळा सुजणं ही त्याची पहिली वर्दी. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं तरी तिथंही पहिलं काम हेच करावं लागलं असतं, पुवाला वाट देणं. आणि बस दुपारशिवाय नव्हती.

"कडी कशाची आहे?" मी विचारलं.

तिला नीट सांगता येईना. कडी घडवणारा सोनार त्या दिवशी बाजारात बसलेला होता, गुलाबरावांनी त्याला बोलावून आणलं. येताना त्याची बारीक कातर आणि पक्कडही घेऊन यायला सांगितली. मी सोनाराला पोराचं नाक दाखवलं.

"काय काय ओतलं यात?"

"हिनं भीक आणली ते सगळं जी. कोनं तुटकी बाळी देल्ती, कोनं पितळीची कडी, कोनं गिलिटाचा मनी. एकीनं जर्मन शिल्वरच्या चमच्याचा तुकडा देल्ता."

"आणि तुम्ही सगळं एकत्र वितळवलं?"

"मंग काय करू साहेब? भिकेतलं गुंजभर बी बाजूले काढता येत नाही. काढलं आन पोराले काही झालं, तर दोष कोनाले?"

खरं होतं. त्यानं आणि तिनं दोघांनी भीतीपोटी एक कणसुद्धा वगळला नव्हता, आणि त्या वगळायच्या कणांनीच घात केला होता. काही धातू काही कातड्यांना सोसतच नाहीत. ही कातडी महिनोन्महिने त्या कडीशी भांडत होती. आता ती हरायला आली होती. इथं तार ठेवून भागणार नव्हतं.

"कडी काढावी लागेल," मी म्हणालो.

कौसाबाईनं पोरगं उचललं आणि दाराकडे निघाली.

"कौसाबाई, थांब."

"सारा गाव म्हन्ते तार-डाक्तर तार काढू देत नाही. मंग याचीच काऊन काढता?"

"कारण या तारेतच विष आहे. ही ठेवली तर पोरगं जाईल."

"आन काढली तर?" ती वळली. आवाज चढवला नाही तिनं. "थो नेनारा दारातच उभा हाय जी. इतके दिस या नाकाकडं पाहून परत जाते. नाक रिकामं दिसलं का वळखन. मी येडी नाही. तुमचं समजते मले. पन मी पाह्यलं हाय त्याले. तुमी नाही पाह्यलं."

मी शिकलेला होतो, पण तिच्याइतक्या वेळा माझ्या हातून माझं कोणी गेलेलं नव्हतं. तिला वेडी म्हणून ओरडणं सोपं होतं. पोरगं मात्र तिच्या कडेवर होतं, आणि दार तिच्या पुढ्यात.

मग मला आमच्याच धंद्यातली एक जुनी रीत आठवली. खोल गळवात पू साठत असेल तर त्यातून धागा ओवून ठेवायचा. धाग्याच्या कडेनं पू झिरपत राहतो आणि वाट मिटत नाही.

"रिकामं नाही ठेवलं तर?" मी म्हणालो. "कडीच्या टोकाला धागा बांधीन. कडी बाहेर ओढली की तिच्यामागून धागा आत येईल. कडी निघायच्या आधी धागा आत असेल. एक क्षणसुद्धा नाक रिकामं राहणार नाही."

ती दोन पावलं परत आत आली. मग म्हणाली, "धागा कोनाचा?"

"सरकारचा."

"सरकारचा नाही चालत. भिकेचा पाह्यजे. आन एकाच हातचा नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं असेन. गुलाबराव शांतपणे स्टोव्ह पेटवत होते. "साहेब," ते म्हणाले, "अवजारं उकळायची हायेतच. पानी ठिवतो. तोवर मागून येईल ते."

टाके घालायचा रेशमी धागा मी वीतभर कापला. पोराला गुलाबरावांनी धरलं. कौसाबाईनं पायातल्या वहाणा दाराशी काढल्या, पदर पसरला आणि ओसरीवर गेली. खोकल्याचा एक म्हातारा रांगेत पहिला होता. मी धागा त्याच्या हातात दिला.

"बाप्पा, भीक वाढा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं धागा तिच्या पदरात टाकला. तिनं तो उचलून पुढच्या बाईला दिला आणि तिच्यापुढं पदर धरला. बाईच्या मांडीवर तिचं स्वतःचं तापलेलं लेकरू होतं. तिनं धागा आधी आपल्या कपाळाला लावला, मग पदरात सोडला. पाय सुजलेला एक हमाल, शाळेतल्या शिपायाची बायको, कोणी काही विचारलं नाही. कोणी हसलं नाही. बाजारातला गोंगाट बाहेर चालू होता आणि ओसरीवर फक्त तेवढं ऐकू येत होतं, भीक वाढा, भीक वाढा.

शेवटी ती माझ्यापुढं आली. आमच्या वडिलांनी कष्टाशिवाय कधी कोणापुढं हात पसरला नाही आणि आम्हाला पसरू दिला नाही. भीक या शब्दाचीच घरात चीड होती. ती चीड घेऊनच मी शिकलो. पण त्या पदराकडे पाहताना मला त्यात लाचारी दिसेना. कोणी राजाला आज्ञा करावी तशी ती उभी होती. मी धागा तिच्या पदरात टाकला. मग तिनंच तो माझ्या हातावर परत ठेवला.

"आता उकळा," म्हणाली. "तुमचे जंतू का काय ते मरू द्या."

पोराला चादरीत गुंडाळलं. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत असं धरलं की चिमट्यात धरल्यासारखं ते स्थिर झालं. मी वर दिसणारी कमान कातरीनं तोडली. एका टोकाला पकडीनं दाबून बारीक खाच केली, तीत धागा बसवून बांधला, आणि दुसऱ्या टोकानं कडी ओढायला लागलो. पोरगं किंचाळलं. धातू सुटत नव्हता, मग एकदम सुटला, आणि त्याच्या मागोमाग पांढरा धागा मांसातून सरकत आला. कडी बशीत पडली तेव्हा धागा दोन्हीकडून लोंबत होता. त्याच्या कडेनं पू जो वाहायला लागला तो गुलाबराव कापसामागून कापूस देत होते तरी थांबेना.

"हाय ना आत?" तिनं विचारलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"आहे," मी म्हणालो.

पेनिसिलीन सुरू केलं. ती ओसरीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा डोळा पुरता मिटलेला होता. मी दुपारच्या बसनं बुलढाण्याला न्यायची तयारी केली. ती माझ्या तोंडाकडे नुसतं पाहत होती, आणि मला माझं तोंड कुठं ठेवावं कळत नव्हतं. बस यायच्या आधी मी पापणी बोटानं उघडून पाहिली. बुबुळ इकडून तिकडं फिरत होतं, माझ्या बोटामागं. गालाची ऊब सकाळपेक्षा कमी लागली. मी पुन्हा पाहिलं, गुलाबरावांना पाहायला लावलं. बस आली आणि गेली.

पुढचे दिवस मी रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं धागा भिजवून किंचित मागं-पुढं सरकवायचो, नुसता वाट मोकळी ठेवण्यापुरता. पू आधी घट्ट पिवळा, मग पातळ, मग नुसतं पाणी. त्या पोराच्या शरीरानं ज्या जागी एवढं युद्ध मांडलं होतं, तिथंच ते आता निमूटपणे घर बांधायला बसलं होतं. नाकपुडीचं मांस रोज थोडं खाली बसत होतं, रोज थोडं गुलाबी होत होतं. मी मोठ्या शहरातल्या शस्त्रक्रिया पाहिल्या आहेत, पोट उघडलेलं पाहिलं आहे. पण त्या इवल्याशा नाकाइतकं मी कशाकडे थक्क होऊन पाहिलं नसेल. मी त्यात केलं ते फार थोडं. पुवाला वाट दिली, सुई दिली. बाकीचं कोण करत होतं ते मला दिसत नव्हतं. सकाळी येऊन झालेलं काम तेवढं दिसायचं.

दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस धागा सरकवला तर तो कोरडा सरकला. पाणी नाही, रक्त नाही. अर्धी वाट आधीच चालून आलेली दोन्हीकडची कातडी शेवटी आत भेटली होती. मी कौसाबाईला म्हणालो, "आता भीती नाही. वाटेल तेव्हा चोख सोन्याची तार घाल. चोख म्हणजे चोख, भिकेतली असली तरी. आणि समजा उद्या हे भोक रिकामं राहिलं, तरी पोराच्या जिवाला काही होत नाही."

"ते आमी पाहू," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मंग मी जराक टेकू का साहेब?"

"टेक ना."

ती ओसरीवर गेली, पोराला शेजारी बसवलं, भिंतीला पाठ लावली, आणि बसल्या बसल्या झोपली. मान एका बाजूला कलली, तोंड उघडं राहिलं. इतके दिवस ती नीट झोपली नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुन्हा बाजाराचाच दिवस होता. ओसरी माणसांनी भरत गेली. लोक तिच्या पायांना वळसा घालून जायला लागले.

पोरगं थोडा वेळ बसलं आणि मग दुडूदुडू निघालं. नाकातला धागा हलत होता. एका म्हातारीनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. तिचा नंबर आला तेव्हा ती आत यायला उठली आणि पोरगं शेजारच्या माणसाकडे दिलं. त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं पुढच्या बाईकडे दिलं. मी आतून पाहत होतो. रोगी तपासत होतो आणि दर वेळी दाराबाहेर पाहत होतो.

"पोट्टं कोनाचं व्हय हे?" एकीनं विचारलं.

"असन कोनाचं बी," दुसरी म्हणाली. "त्याचं भिजलं हाय लंगोट, आन इकडं. आपन बदलू."

गुलाबराव कौसाबाईला हाक मारायला निघाले. मी त्यांना हातानं थांबवलं.